दादरचे दोन ‘एक नंबर’

“दादरला उतर, एक नंबरवर इंडिकेटरखाली थांब, मी येते.”

डिसेंबर २०२३ पर्यंत हा निरोप अर्धवट होता. ऐकणारा मुंबईचा असला तर तो लगेच विचारायचा, “वेस्टर्नचा एक की सेंट्रलचा?” ऐकणारा सांगलीहून किंवा नांदेडहून आलेला असला तर त्याला हा प्रश्न सुचायचं काही कारणच नव्हतं. त्याला ‘१’ लिहिलेली पाटी दिसायची, तो तिच्याखाली पिशवी ठेवून उभा राहायचा आणि त्याच्या लेखी तो बरोबर जागी असायचा. निरोप देणारी बाईही तिच्या लेखी बरोबर जागी असायची. दोघांच्या मध्ये अर्धं स्टेशन.

हे प्रकरण त्या आकड्याचं आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरच्या सगळ्या फलाटांना पश्चिमेकडून पूर्वेकडे १ ते १४ असे सलग क्रमांक मिळाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ होते तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ पासून पुढे मोजले जाऊ लागले. वरवर पाहता हे पाट्या रंगवण्याचं काम. पण सार्वजनिक जागेतली खूण माणसाला काय सांगते, कुणाच्या बाजूनं सांगते आणि ती अपुरी असली तर उरलेलं कोण भरून काढतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण मुंबईत सापडलेलं नाही. मी रोज दादरला गाडी बदलते. तो ब्रिज माझ्या पायाखालचा आहे. तरीही हे आकडे बदलले तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी ते वाचतच नव्हते.

एका नावाखाली दोन स्टेशनं

दोन ‘एक नंबर’ कुणी मुद्दाम केले नव्हते. मुंबईत रेल्वे आणली ती दोन वेगळ्या कंपन्यांनी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या जीआयपीची, पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बीबीसीआय, हिची विरारहून मुंबईत येणारी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ ची. दोघींचे रूळ वेगळे, मालक वेगळे. दादरला हे दोन मार्ग खांद्याला खांदा लावून जातात. दोघींची स्टेशनं तिथे शेजारी-शेजारी उभी राहिली आणि दोन्हीकडे फलाट एकपासून मोजले गेले. त्यात चूक काहीच नव्हती. आपल्या घरातल्या खोल्या आपण एकपासूनच मोजतो, शेजाऱ्याच्या खोल्या संपल्या तिथून पुढे नाही.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीभोवती मध्य रेल्वे आणि बीबीसीआयभोवती पश्चिम रेल्वे उभी राहिली. मालक एकच झाला, पण कारभार दोन राहिले. एकीचं मुख्यालय आताच्या सीएसएमटीला, दुसरीचं चर्चगेटला. दादरला पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे १ ते ८, असं दुहेरी गणित पुढेही चालू राहिलं.

आता प्रवाशाच्या बाजूनं पाहा. दादरच्या आत या दोन रेल्वेंच्या मध्ये दार नाही, फाटक नाही, तिकीट दाखवायची जागा नाही. ब्रिज दोन्हीकडे सारखाच जातो. अंधेरीहून आलेला माणूस सातव्या फलाटाचे जिने मागे टाकून पुढे गेला की तो एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत शिरलेला असतो, पण त्याच्या पायांना ते कळत नाही. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत दोन्हीकडे ‘दादर’च लिहिलेलं. म्हणजे हद्द फक्त कार्यालयाच्या कागदावर होती आणि जमिनीवर ती एकाच ठिकाणी दिसायची: सातानंतर पुन्हा ‘एक’ यायचा. ज्या माणसाला ही हद्द माहीत नाही, त्याला सातानंतरचा एक म्हणजे पाटी चुकली असंच वाटणार. किंवा आपण चुकलो असं वाटणार, आणि अनोळखी ठिकाणी माणूस स्वतःलाच आधी दोष देतो.

तोंडी चालणारी पाटी

इतकी वर्षं दादर चाललं ते कशाच्या जोरावर? लोकांच्या बोलण्याच्या जोरावर. पाटीवर फक्त ‘१’ होता. तोंडात मात्र ‘वेस्टर्नचा एक’ आणि ‘सेंट्रलचा एक’ असे दोन पूर्ण पत्ते तयार झाले होते. पाटीत जे कमी पडलं ते भाषेनं पुरवलं. हमाल, बूट पॉलिशवाले, वडापावच्या स्टॉलवरची मुलं, रोजचे प्रवासी हे सगळे मिळून एक न दिसणारी पाटी चालवत होते. “दादा, ठाण्याची गाडी कुठं लागते?” असं विचारलं की उत्तरात आकड्याआधी रेल्वेचं नाव यायचंच.

या व्यवस्थेत जीव होता, हे मी मान्य करते. पण ती कुणाच्या उपयोगाची होती ते बघायला हवं. जो आधीच जाणतो त्याला पाटीची गरज नसते. खूण असते ती न जाणणाऱ्यासाठी, आणि नेमकी त्याच्याच वेळी ती तोंड फिरवत होती. भाषा येत नसेल, ऐकू कमी येत असेल, गर्दीत कुणाला थांबवायची भीड वाटत असेल, रात्री अकरा वाजता ब्रिजवर एकटी बाई असेल, तर ही तोंडी पाटी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

घोषणांचं तेच. ब्रिजच्या मध्यावर उभं राहिलं की दोन्हीकडच्या घोषणा कानावर पडतात. आवाज काही हद्दीपाशी थांबत नाही. ‘फलाट क्रमांक तीन’ असं ऐकू आलं, तर तो कोणाचा तीन हे ऐकणाऱ्यानं आवाज कुठून आला यावरून ताडायचं. त्या कोलाहलात ते ताडणं फार अवघड.

ब्रिज हाच नकाशा

हा बदल मला का महत्त्वाचा वाटतो, ते ब्रिजवर उभं राहिल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळची सातची वेळ. बाहेरगावचा माणूस ओळखायला कपडे किंवा सामान बघावं लागत नाही, त्याची मान बघावी. तो चार पावलं चालतो आणि मान वर करतो, पाटी वाचतो. मग जिन्यातून खाली बघतो, तिथे गाडी उभी आहे का ते पाहतो. मग शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघतो. पाटीनं उत्तर दिलं तर तिसरी पायरी येत नाही. नाही दिलं तर तो थांबतो. तो थांबला की मागचा माणूस त्याच्यावर आदळतो, कडेनं वाट काढतो, समोरून येणाऱ्यांच्या ओघात शिरतो आणि क्षणभर सगळाच ओघ अडखळतो.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. ती दुर्घटना पाटीमुळे झाली नव्हती. तिची कारणं वेगळी. पण अरुंद जागेत ओघ अडला की काय होतं हे मुंबईनं त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून ब्रिजवर थबकलेला माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून पाटीनं चार सेकंद वाचवले तर मला ते थोडे वाटत नाहीत.

आता आकड्यांच्या क्रमाकडे बघा. आकडा हे नाव असतं, तसंच ते अंतरही असतं. मला अकरावर जायचं आहे आणि समोर चार दिसतो आहे, तर मी पुढे चालत राहायचं. पाच, सहा असे वाढत गेले तर मी बरोबर चालले आहे. तीन दिसला तर मागे वळायचं. एवढी माहिती एका आकड्यात बसते आणि तिला ना बाण लागतो ना भाषा. गल्लीतले घरनंबर, थिएटरातल्या खुर्च्या, यात्रेतले राहुट्यांचे क्रमांक, सगळीकडे आपण असेच चालतो. सलग आकडे लावलेली वाट म्हणजे पायाखाली अंथरलेला नकाशा.

जुन्या दादरमध्ये हा नकाशा मध्येच फाटलेला होता. पश्चिमेच्या बाजूनं, फुलबाजाराकडून ब्रिज चढलात तर १, २, ३ असं मोजत सातपर्यंत जायचं आणि मग पुन्हा १. स्वामीनारायण मंदिराकडून, पूर्वेकडून आलात तर ८, ७, ६ असं उतरत एकपर्यंत यायचं आणि मग अचानक ७. पूर्वेकडून येऊन ‘पाच नंबर’ शोधणाऱ्याला पहिला पाच मध्य रेल्वेचा लागायचा. त्याला पश्चिमेचा पाच हवा असला, तरी तो पहिल्याच पाचपाशी समाधानानं खाली उतरायचा. चुकीची पाटी माणसाला शंका तरी देते. बरोबर दिसणारी पण दुसऱ्याची असलेली पाटी शंकाही देत नाही, आणि खाली उतरून गाडी चुकेपर्यंत कळत नाही.

बदल कसा झाला

नव्या क्रमांकांचा तपशील मांडते, कारण यातच खरी गंमत आहे आणि खरी अडचणही.

पश्चिम रेल्वेचे १ ते ७ जागचे हलले नाहीत. मध्य रेल्वेचा जुना १ झाला ८. जुना ३ झाला ९, ४ चा १०, ५ चा ११, ६ चा १२, ७ चा १३ आणि जुना ८ झाला १४. मधला जुना २ यात नाही, कारण तो राहिलाच नव्हता. मध्य रेल्वेच्या एक नंबरवरची गर्दी जीवघेणी व्हायला लागली होती. तो रुंद करण्यासाठी दोन नंबर बंद केला गेला आणि दादरहून सुटणाऱ्या लोकल परळहून सोडल्या गेल्या. म्हणजे फलाट मोडून झाल्यावर आकड्यांच्या रांगेत आधीच एक दात पडलेला होता: एकानंतर थेट तीन. कधी ना कधी ते आकडे सारखे करावेच लागणार होते, आणि हात लावायचाच आहे तर पूर्ण स्टेशनाचे करू, हे शहाणपणाचं झालं.

आता रोजच्या प्रवाशाच्या डोक्यात काय होतं ते बघा. त्याला नियम हवा असतो. ‘जुन्यात सहा मिळव’ हा नियम तीन ते आठ या सगळ्या फलाटांना लागू पडतो. पण सगळ्यात पहिल्या फलाटाला तो लागू नाही. तिथे सात मिळवावे लागतात. पहिल्याच पायरीला अपवाद आला की नियम पाठ व्हायला वेळ लागतो.

त्याहून अवघड गोष्ट आठ नंबरची. जरा शांतपणे विचार करा. जुन्या सवयीनं कुणी ‘सेंट्रलचा चार’ म्हणालं, तर नव्या व्यवस्थेत मध्यला चार नाहीच. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हा जुना आकडा आहे. चूक स्वतःच ओरडून सांगते. पण ‘सेंट्रलचा आठ’? मध्य रेल्वेला आठ आधीही होता आणि नंतरही आहे. फक्त तो आधी पूर्वेच्या टोकाला होता आणि आता स्टेशनच्या मध्यावर, पश्चिमेच्या सातच्या शेजारी आला. एकाच आकड्याला दोन जागा, दोन्ही मध्य रेल्वेच्या, आणि मध्ये त्या रेल्वेची सगळी रुंदी. चौदापैकी हा एकच आकडा असा होता जो जुन्या माणसाला न सांगता फसवू शकत होता. पाट्या बदलणाऱ्या कुठल्याही माणसानं बदलाच्या पहिल्या आठवड्यात आपली सगळी माणसं या एकाच आकड्याजवळ उभी करावीत, असं मला वाटतं. बाकीचे आकडे आपली काळजी आपण घेतात.

तारखेबद्दलही सांगायला हवं. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखो माणसं दादरला उतरतात. वर्षातून एकदाच येणारी, घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना हाताशी धरून चालणारी ही माणसं. पाटीवर सगळ्यात जास्त विसंबून कोण असेल तर तीच. नवे आकडे लागू झाले ते त्यानंतर तीन दिवसांनी. हाच बदल ५ डिसेंबरला झाला असता तर घरून निघताना विचारून घेतलेले आकडे आणि समोरच्या पाट्या यांचा मेळ त्या गर्दीत बसला नसता. पुढच्या वर्षीची गर्दी आली तोवर नवे आकडे रोजच्यांच्या तोंडी बसलेले होते, आणि वाट विचारणाऱ्याला सांगणारी माणसं तयार होती. सार्वजनिक खूण बदलायची तर दिनदर्शिका बघूनच बदलावी.

आणि आकडा काही एकाच पाटीवर राहत नाही. तो इंडिकेटरवर असतो, घोषणेच्या ध्वनिफितीत असतो, मोबाइल अ‍ॅपमध्ये असतो, स्टेशन मास्तरच्या वहीत असतो, कॅमेऱ्यांच्या यादीत असतो, स्टॉलच्या परवान्यावर असतो. कुणी फलाटावर कोसळलं आणि मदतीला हाक मारायची झाली तर तो पोलिसाच्या आणि हमालाच्या तोंडात असतो. पूर्वी ‘तीन नंबरवर माणूस पडलाय’ असं कळलं की आधी ‘कुठला तीन?’ हे विचारावं लागणार. आता ते विचारायला नको. मला विचाराल तर या एका कारणासाठीही हा बदल पन्नास वर्षं आधी व्हायला हवा होता.

दुसरं काय करता आलं असतं

आकड्याआधी अक्षर लावता आलं असतं: पश्चिमेला ‘प’, मध्यला ‘म’. प१, म१. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण पाटी तीन भाषांत असते. मराठी-हिंदीत एक अक्षर आणि इंग्रजीत दुसरं, म्हणजे एका फलाटाला दोन नावं. शिवाय ज्याला पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांतला फरकच माहीत नाही, त्याला ‘म’ काय सांगणार? ती खूण रेल्वेच्या कारभाराची हद्द प्रवाशाला शिकवायला बसते. प्रवाशाला ठाण्याला जायचं आहे. त्याला कारभार शिकायचा नाही.

रंगांचा मार्गही होता. रंग लांबून दिसतो, गर्दीत डोक्यांवरून दिसतो. पण रंग मोजता येत नाही. हिरव्यानंतर निळा की निळ्यानंतर हिरवा, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही अशी माणसं आपल्यातच आहेत. रंग आकड्याच्या सोबतीला चांगला, पण तो आकड्याची जागा घेऊ शकत नाही.

सलग आकडे हा पर्याय सगळ्यात साधा होता. त्यासाठी एका रेल्वेला आपला ‘एक’ सोडावा लागणार होता, आणि मध्य रेल्वेनं तो सोडला. हे मनाला भिडतं. १८५३ पासूनचा वारसा सांगणाऱ्या रेल्वेनं दादरमध्ये आठपासून मोजायला सुरुवात केली, कारण पश्चिमेकडून येणारा माणूस आठव्यांदा मान वर करतो तेव्हा त्याला आठच दिसायला हवा.

जुने आकडे काही काळ पाटीवर ठेवावेत का, यावर माझं मत असं. ब्रिजवरच्या मोठ्या पाटीवर ठेवू नयेत. तिथे नवखा माणूस वाचतो आणि दोन आकडे दिसले की तो पुन्हा थांबतो. फलाटावर खाली, जिथे रोजचा प्रवासी सवयीच्या खांबाला टेकून उभा असतो, तिथे ‘जुना ५’ असं बारीक अक्षरांत काही महिने राहिलं तर बिघडत नाही. एकाच स्टेशनात दोन प्रकारचे वाचक असतात आणि ते वेगवेगळ्या जागी वाचतात.

ठिपका आणि जमीन

नकाशांच्या इतिहासात दादरसारख्या जागेला एक खास खूण आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात आरेखनाचं काम करणाऱ्या हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये त्या रेल्वेचा एक वेगळाच नकाशा काढला. जमिनीवरची खरी अंतरं आणि वळणं सोडून दिली. रेषा फक्त उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत तिरक्या ठेवल्या. आधी तो नाकारला गेला. जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावेल अशा आकारात तो छापला गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. बेक यांनी ओळखलं होतं ते एवढंच की जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वर कुठला रस्ता आहे हे नको असतं. कुठे बसायचं, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं, एवढंच हवं असतं. आज बऱ्याच रेल्वे-नकाशांत गाडी बदलायचं स्टेशन हे एका ठळक ठिपक्यानं किंवा वर्तुळानं दाखवतात.

मुंबईच्या नकाशातही दादर तसंच येतं. दोन उभ्या रेषा, आणि दादरला त्या एकमेकींना भेटतात. पण तो ठिपका एक वचन देतो: इथे उतर, इथेच दुसरी गाडी मिळेल. ते वचन पाळायचं काम नकाशा करू शकत नाही, ते जमिनीवरच्या पाटीनं पाळायचं असतं. कागदावर एक ठिपका आणि जमिनीवर दोन ‘एक नंबर’, हा नकाशानं दिलेला शब्द मोडण्याचाच प्रकार होता. सलग आकड्यांनी तो ठिपका जमिनीवर आणला.

जे आपण वाचतोय हे आपल्यालाच माहीत नसतं

थोडं विषयांतर करते, पण ते याच प्रकरणात बसतं.

फलाटावरच्या खांबांवर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात. फर्स्ट क्लासचा डबा साधारण तिथे येतो. महिला डब्यावर बाईचं चित्र असतं. अनेक वर्षं ते डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचं होतं, पुढे पश्चिम रेल्वेनं त्या जागी आजच्या नोकरदार बाईचं चित्र आणलं. या खुणांचं वैशिष्ट्य हे की रोजची बाई त्यांच्याकडे कधी बघताना दिसत नाही. ती जिन्यावरून उतरते, पाय आपोआप वळतात आणि ती बरोबर त्या खांबापाशी उभी राहते. विचारलं तर ती म्हणेल, “पट्टे? कुठले पट्टे?” पण खांब रंगवायला काढले आणि पट्टे दोन दिवस नाहीसे झाले, तर तिथे उभ्या राहणाऱ्या बायकांची रांग सैल पडते, दोन पावलं इकडे, चार पावलं तिकडे. माझंही तसंच होतं. म्हणजे वाचत आम्ही सगळ्याच होतो; फक्त वाचणं इतकं मुरलं होतं की ते वाचणं वाटत नव्हतं.

मध्य रेल्वेच्या गाड्यांवरची अक्षरं याचंच दुसरं टोक. कसाऱ्याच्या गाडीवर ‘एन’ आणि कर्जतच्या गाडीवर ‘एस’. कल्याणनंतर फाटा फुटतो. ईशान्येचा मार्ग कसाऱ्याला, आग्नेयेचा कर्जतला, त्यातला उत्तरेचा ‘एन’ आणि दक्षिणेचा ‘एस’. रुळ आखणाऱ्याच्या दृष्टीनं हे चोख आहे. पण ‘कसारा’ या शब्दात ‘एन’ कुठेही नाही, आणि ‘एस’ तर धीम्या गाडीसाठीही वापरला जातो. टिटवाळ्याची बाई हे शिकते, पोटापाण्यासाठी सगळंच शिकावं लागतं. पण शिकून घ्यावी लागणारी खूण आणि बघताक्षणी कळणारी खूण यांत मोठा फरक आहे. दादरचा जुना ‘एक’ पहिल्या जातीचा होता, आताचा ‘आठ’ दुसऱ्या.

अजून काय उरलं

आकडा जागा सांगतो, दिशा सांगत नाही. ‘१०’ एवढंच लिहिलेल्या जिन्यावरून उतरल्यावर गाडी सीएसएमटीकडे जाणार की कल्याणकडे, धीमी की जलद, हे त्या आकड्यात नाही. ते इंडिकेटरवर असतं आणि इंडिकेटर खाली फलाटावर असला तर तो वाचायला आधी उतरावं लागतं. जिना उतरण्याचा निर्णय जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. माहितीही तिथेच हवी, आकड्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत. दादरसारख्या ठिकाणी प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी दिशा आणि मोठ्या स्टेशनांची दोन-तीन नावं असावीत, हा माझा आग्रह आहे.

दुसरं, दादरला आता तिसरी रेल्वेही आली आहे. भुयारी मेट्रो ३ चा बीकेसी ते आचार्य अत्रे चौक हा टप्पा मे २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्यात दादर पश्चिमेला मेट्रोचं स्टेशन झालं. मेट्रोच्या खुणांची भाषा वेगळी: मार्गाला रंग, मार्गाला क्रमांक. मेट्रोतून वर आलेल्या माणसाला लोकलच्या चौदा फलाटांपर्यंत नेणारी खूण एकाच भाषेत, एकाच क्रमानं लागली पाहिजे. १८५३ आणि १८६७ च्या दोन घरांना एका मोजणीत यायला इतका काळ लागला. तिसऱ्या घरानं तरी सुरुवातीपासून शेजाऱ्यांकडे बघून पाट्या लावाव्यात.

बोलण्यातला बदल मात्र मी रोज ऐकते. परवा डब्यात एका कॉलेजच्या मुलीनं फोनवर मैत्रिणीला सांगितलं, “तेरा नंबरवर ये.” शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, “म्हणजे आमचा सात.” मुलीनं विचारलं, “तुमचा सात म्हणजे?” आणि काकूंनी मुलुंड येईपर्यंत तिला सगळा हिशेब समजावला, सहा मिळवायचे, फक्त एकाला सात. ‘वेस्टर्नचा’, ‘सेंट्रलचा’ हे शब्द त्या मुलीच्या तोंडी आकड्याआधी येत नाहीत. तिला ते लागतच नाहीत.

एक जुनी खूण अजून तशीच आहे, ती तिकिटावर. लांबच्या गाडीच्या आरक्षणात मध्य रेल्वेच्या दादरचं सांकेतिक नाव ‘डीआर’ आहे आणि पश्चिम रेल्वेच्या दादरचं ‘डीडीआर’. फरक एका अक्षराचा, तोही बारीक छपाईत. गुजरातकडची गाडी पकडायला आलेला माणूस तिकीट हातात धरून ब्रिजवर उभा असतो आणि तो दुसरा ‘डी’ त्याच्या ध्यानातही आलेला नसतो. आमच्याकडे कुणी बाहेरगावहून यायचं असलं की मी आधी तिकिटाचा फोटो मागवते आणि ‘डी’ मोजते. एक असेल तर आठच्या पुढे उभी राहते, दोन असतील तर सातच्या आत.